पाच शतांश सेकंद

ऑलिम्पिक जवळ आलं की पी. टी. उषाची १९८४ची ती शर्यत हमखास छापून येते. लॉस एंजेलिस, ४०० मीटर अडथळा, ब्राँझ हुकलं ते सेकंदाच्या शंभराव्या भागाने. ती आठवण काढावीच, पण बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेची बर्मिंगहॅमची शर्यत आपण इतक्या लवकर का विसरलो?

६ ऑगस्ट २०२२, राष्ट्रकुल स्पर्धा, ३००० मीटर स्टीपलचेस. तीन फुटी आडव्या लाकडावरून २८ उड्या, त्याशिवाय सात वेळा पाण्याचा खड्डा. भिजलेल्या बुटांनी पुन्हा वेग पकडायचा, तेही पुढे केनियाचे तीन धावपटू असताना! १९९८पासून या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाच घेऊन जात होता. आमच्या घरात शेवटच्या शंभर मीटरला सगळे उभे राहिलो होतो, गॅसवरचं दूध उतू गेलं ते नंतर कळलं. केनियाचा किबिवोट ८ मिनिटं ११.१५ सेकंद, साबळे ८ मिनिटं ११.२० सेकंद. रौप्य, आणि नवा राष्ट्रीय विक्रम.

दुसऱ्या दिवशी शेजारी विचारतात, ‘स्टीपलचेस म्हणजे काय हो?’ चूक त्यांची नाही. क्रिकेटच्या बॅटचं वजनसुद्धा आपण छापतो. क्रीडा पानावर कधीतरी या शर्यतीची एक साधी आकृती द्या, पाण्याच्या खड्ड्यासकट.

– एक वाचक, पुणे