मिशन रविवारचं दान आधी भाषेवर आणि पाण्यावर खर्च व्हावं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑक्टोबरातल्या शेवटून दुसऱ्या रविवारी कॅथलिक चर्चमध्ये मिशन रविवार पाळला जातो. वसईच्या धर्मग्रामांतही (पॅरिशांतही) त्या दिवशी मिस्सेच्या, म्हणजे सामुदायिक उपासनेच्या वेळी मिशनकार्यासाठी दान गोळा होतं. कुणी फादर किंवा सिस्टर आफ्रिकेला निघाले असतील तर त्यांचा निरोप समारंभही थाटात होतो. त्यामागचं प्रेम खरं असतं. पण तिथला दिवस कसा जातो हे पाठवणाऱ्यांना ठाऊक नसलं की पैसा भलतीकडे जातो आणि गेलेला माणूस वर्षभरात खचतो. म्हणून हे पत्र. उदाहरण टांझानियाचं घेतो.

पहिली गरज भाषेची. तिथल्या स्वाहिली भाषेत गारी, चापाती, दुका, हबारी असे ओळखीचे शब्द भेटतात आणि मराठी माणसाला वाटतं, महिन्याभरात जमेल. जमत नाही. आपल्याकडे नामाप्रमाणे क्रियापदाचं शेपूट बदलतं, तिथे सुरुवात बदलते. मूल पडलं तर ‘म्तोतो अमेआंगुका’, पुस्तक पडलं तर ‘किताबू किमेआंगुका’, पुस्तकं पडली तर ‘विताबू विमेआंगुका’. नामांचे असे अनेक वर्ग आहेत आणि विशेषणांनाही त्यांच्यामागे जावं लागतं. हे कानावर पडून आपोआप येत नाही. मुसोमाजवळच्या माकोकोसारख्या भाषाशाळेत काही महिने राहूनच ते बसतं. होतं मात्र असं की पोहोचल्याबरोबर शाळेचा किंवा दवाखान्याचा कारभार हाती दिला जातो, इंग्रजीवर दिवस निघतात आणि भाषा कायमची कच्ची राहते. गोव्यातल्या बाणावलीचे संत जुझे वाझ १६८७ मध्ये श्रीलंकेत पोहोचले. डचांनी कॅथलिक धर्मावर घातलेल्या बंदीमुळे मजुराच्या वेशात लपूनछपून फिरावं लागत असतानाही ते तमिळ शिकले, पुढे सिंहलीही शिकले. आज तर बंदी नाही, शिकवणारे आहेत. कमी पडते ती पाठवणाऱ्यांची सबुरी.

घड्याळाचंही तसंच. टांझानिया विषुववृत्ताजवळ असल्याने सूर्य वर्षभर सहाच्या सुमारास उगवतो, आणि लोक तास तिथून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे तिथला पहिला तास, आपले आठ म्हणजे दुसरा. दवाखान्यातल्या नव्या सिस्टरने दिवसातून दोनदा घ्यायच्या गोळीच्या पुडीवर नुसतं ‘८’ लिहिलं तर रुग्ण गोळी दुपारी दोनला घेतो, आणि दुसरी वेळ रात्री दोनची समजल्याने ती बहुधा राहूनच जाते. पुडीवर सूर्य आणि चंद्र काढून द्यावा, तोंडी वेळ सांगताना सकाळ की रात्र हेही सांगावं आणि रुग्णाकडून ते परत म्हणवून घ्यावं.

आता पाणी, कारण मिशनच्या घरात सर्वाधिक माणूसबळ त्यावरच जातं. डोडोमा भागात वर्षाला सरासरी ५७० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि मे ते नोव्हेंबर जवळजवळ कोरडे जातात. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. १०० चौरस मीटरच्या पत्र्यावर ५७,००० लिटर पडतात. उडून, गळून जाणारं वजा करून ८० टक्के धरले तरी ४५,६०० लिटर उरतात. चार माणसांना रोज वीस-वीस लिटर दिले तर २१० कोरड्या दिवसांना १६,८०० लिटर लागतात. म्हणजे छप्पर पुरेसं आहे, अपुरी पडते टाकी. देणगीतून दोन हजार लिटरची प्लॅस्टिकची टाकी येते, ती पंचवीस दिवसांत रिकामी होते आणि मग सिस्टर बादल्या घेऊन विहिरीवर. फेरोसिमेंटची, म्हणजे तारेच्या जाळीवर सिमेंट थापून केलेली मोठी टाकी बांधावी. पहिल्या सरीचे ५० ते १०० लिटर बाहेर सोडावेत, कारण त्यात धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा असते. नळ तळापासून वीतभर वर असावा म्हणजे गाळ खालीच राहतो. तोंडाला बारीक जाळी हवी, नाहीतर टाकीतच डास वाढतात. टाकी पूर्ण कोरडी पडू देऊ नये, ती तडकते.

अरुशा, किलिमांजारोकडे अडचण वेगळी आहे. ज्वालामुखीच्या जमिनीमुळे तिथल्या कित्येक झऱ्यांत आणि विहिरींत फ्लोराइड जास्त आहे. यवतमाळ, चंद्रपूरच्या वाचकांना पिवळे-तपकिरी दात आणि वाकलेली हाडं सांगायला नकोत. हे पाणी उकळून उपयोग नाही, उकळल्याने फ्लोराइडचं प्रमाण उलट वाढतं. तिथे पिण्यासाठी पावसाचंच पाणी साठवावं.

विजेबद्दल थोडक्यात. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीतून खरं तर निम्मीच, म्हणजे ६०० वॅट-तास वीज घ्यावी. हजार वॅटची इस्त्री ती सुमारे छत्तीस मिनिटांत संपवते, आणि रोज असं केलं की बॅटरी लवकर मरते. पण इस्त्री टाळूनही चालत नाही. वाळत घातलेल्या ओलसर कपड्यांवर तिथली एक माशी अंडी घालते आणि अळ्या कातडीत शिरतात. त्यामुळे आतल्या कपड्यांनाही शिवणीपर्यंत कडक इस्त्री लागते. ती कोळशाची न्यावी.

आणखी एक गोष्ट भाषेशी जोडलेली आहे. धर्मग्रामाला जोडलेल्या लांबच्या वस्त्यांना विगांगो म्हणतात. पावसात काळ्या मातीत मोटारसायकल रुतते आणि फादर तिथे कित्येक आठवडे पोहोचत नाहीत. तेव्हा रविवारची प्रार्थना, मुलांची शिकवण, अंत्यविधी हे सगळं गावचा काटेकिस्टा, म्हणजे धर्मशिक्षक सांभाळतो. परदेशी मिशनरी येतात-जातात, तो राहतो. त्याच्या सायकलीला आणि प्रशिक्षणाला पैसे द्यावेत, असं आमचं ठाम मत आहे. नव्या माणसाने पहिलं वर्ष त्याच्या हाताखाली काढलं तर उत्तमच, भाषाही बसते.

जाणाऱ्याच्या घरच्यांसाठी: ज्या देशासाठी पिवळ्या तापाची लस लागते, तिथे निघण्याच्या किमान दहा दिवस आधी ती घ्यावी लागते, दाखला आता आयुष्यभर चालतो, तो जपून ठेवावा. आणि सुट्टीवर आलेल्या माणसाला ताप भरला तर ‘हवापालट झाली’ म्हणून घरी झोपवू नये. आफ्रिकेतला फाल्सिपेरम मलेरिया तिथून निघाल्यावर काही आठवड्यांनीही उठतो आणि एक-दोन दिवसांत जिवावर बेततो. त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावं आणि डॉक्टरांना कोणत्या देशातून, कधी आलो हे न विचारता सांगावं.

आपले,
परदेशी मिशनमधून परतलेले काही धर्मगुरू व धर्मभगिनी, वसई