रिफंड आला, पत्र उघडलं का?

संपादक महोदय,

जुलै संपला की आमच्या सोसायटीत एकच प्रश्न फिरतो, ‘तुमचा इन्कम टॅक्सचा रिफंड आला का?’ आला की विषय संपला. मागितला होता तेवढाच आला का, हे कुणी बघत नाही. २०२४च्या सप्टेंबरात माझ्या खात्यात १२,७७० रुपये जमा झाले. मी मागितले होते १९,९००, म्हणून मला बघावं लागलं.

पहिल्यांदा वाटलं, कुणा साहेबाने माझं विवरणपत्र तपासून सात हजार कापले. पासष्टाव्या वर्षी स्वतः भरलेलं पहिलंच विवरणपत्र, त्यामुळे धास्ती जरा जास्तच. ईमेलवर कलम १४३(१)चं, म्हणजे विवरणपत्राच्या छाननीचा निकाल कळवणारं, पत्र येऊन पडलं होतं, पण फाइल उघडेना. पासवर्ड म्हणजे अख्खा पॅन, त्यातली अक्षरं स्मॉलमध्ये, आणि त्याला जोडून जन्मतारीख, हे कळेपर्यंत दोन दिवस गेले.

या पत्रात दोन रकाने असतात. एकात आपण भरलेले आकडे, शेजारी आयकर खात्याच्या हिशोबाने निघालेले. पट्टी धरून एकेक ओळ वाचली. उत्पन्न ४,२४,०००, दोन्हीकडे तेच. कर शून्य, तोही तोच. फरक फक्त टीडीएसच्या, म्हणजे आधीच कापून घेतलेल्या कराच्या, ओळीत. माझे १९,९००, त्यांचे १२,४००. साहेब वगैरे कुणी नव्हतंच. ही छाननी बंगळुरूच्या केंद्रात संगणक करतो. आपल्या पॅनखाली फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या आपल्या नावच्या कराच्या उताऱ्यात, जेवढा टीडीएस दिसतो, तेवढाच तो धरतो. विवरणपत्रात आधीच भरून आलेला आकडा १२,४०० होता. पासबुकातल्या नोंदींची बेरीज करून मीच शहाणपणाने तो ‘दुरुस्त’ केला होता.

मग ७,५०० गेले कुठे? यजमानांच्या पॅनवर. आम्हा दोघांच्या नावाने दहा लाखांची ठेव होती, पहिलं नाव त्यांचं. ते २०२३च्या फेब्रुवारीत गेले. पुढचं वर्षभर व्याज माझ्या हाती येत राहिलं आणि त्यावरचा टीडीएस त्यांच्या नावे जमा होत राहिला. मृत्यूचा दाखला मी बँकेत दिला होता, पण पेन्शनच्या टेबलावर. तो ठेवींच्या टेबलावरही द्यायचा असतो हे मला कुणी सांगितलं नाही, आणि त्या दिवसांत मला सुचणंही शक्य नव्हतं.

मी लगेच ऑनलाइन दुरुस्तीचा अर्ज केला. उत्तर तेच आलं. येणारच, कारण २६एएस बदललेलंच नव्हतं. बँकेत म्हणाले, ‘पैसे इन्कम टॅक्सला गेले, आता आमच्याकडे काही नाही.’ त्यांच्याकडेच होतं. उत्पन्न ज्याचं, टीडीएसही त्याच्या नावे लागावा यासाठी तेव्हा आयकराचा नियम ३७बीए होता. त्याखाली बँकेला लेखी निवेदन दिलं, पाच खेपा घातल्या, तेव्हा कुठे त्यांनी आपलं टीडीएसचं विवरण सुधारलं. माझ्या पॅनखाली ७,५०० दिसू लागल्यावर पुन्हा अर्ज केला आणि उरलेली रक्कम मिळाली.

राहिला प्रश्न १२,४००चे १२,७७० कसे झाले याचा. विवरणपत्र मुदतीत भरलं असेल तर (तेव्हाच्या कलम २४४ए प्रमाणे) १ एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का व्याज मिळतं. सप्टेंबरपर्यंत सहा महिन्यांचे झाले ३७२, आणि एकूण रक्कम दहाच्या पटीत आणली. (रिफंडच जर एकूण कराच्या दहा टक्क्यांहून कमी असेल तर हे व्याज मिळत नाही.) रिफंड हे उत्पन्न नव्हे, आपलेच पैसे परत आलेले असतात, पण हे व्याज मात्र मिळालं त्या वर्षीच्या उत्पन्नात दाखवावं लागतं. हे ऐकून शेजारच्या वहिनींनी कपाळाला हात लावला. गेली चार वर्षं त्यांनी ते दाखवलेलंच नाही.

आपल्या वृत्तपत्रात जुलैभर विवरणपत्र कसं भरावं याचे लेख येतात. त्यानंतर येणारं हे इंग्रजी पत्र ओळीओळीने मराठीत समजावणारा एखादा लेख सप्टेंबरातही छापावा. आणि बँकांना एवढंच सांगणं आहे, की मृत्यूचा दाखला घेऊन कुणी काउंटरवर आलं तर ‘ठेवीत पहिलं नाव कुणाचं?’ हे त्यांनीच विचारावं. समोरची बाई त्या दिवशी ते विचारण्याच्या स्थितीत नसते.

– एक कुटुंबनिवृत्तिवेतनधारक