‘मोजलंस का?’ या प्रश्नाबद्दल आभार

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

समोरासमोर आभार मानले की तुम्ही विषय बदलता आणि आधीच स्वच्छ असलेला एखादा पाना फडक्याने पुन्हा पुसायला घेता, हे गेल्या सहा वर्षांत मी इतक्या वेळा पाहिले आहे की शेवटी हे पत्र लिहायचे ठरवले. ते उघडपणे लिहीत आहे, कारण लांब पल्ल्याची जुनी मोटारसायकल हौसेने घेऊन बसलेले आणि ती चालती ठेवण्याच्या खटपटीत असलेले माझ्यासारखे कितीतरी जण आहेत, आणि तुम्ही मला जे शिकवले ते त्यांच्याही उपयोगाचे आहे. तुमचे नाव मात्र लिहीत नाही. ते तुम्हाला आवडणार नाही, हे मी जाणते.

1982 सालची बीएमडब्ल्यू आर 100 आरटी माझ्याकडे आली तेव्हा तिच्याविषयी मला जे काही ठाऊक होते ते सगळे वाचीव होते. 980 सीसीचे इंजिन, दोन सिलिंडर दोन्ही बाजूंना आडवे पसरलेले, 70 अश्वशक्ती, मागच्या चाकापर्यंत ताकद पोहोचवायला साखळीच्या जागी फिरता दांडा म्हणजे शाफ्ट, चोवीस लिटरची टाकी, ही मांडणी 1923 सालच्या आर 32 पासून चालत आलेली, 1976 मध्ये आर 100 आरएसवर पूर्ण फेअरिंग, म्हणजे वारा अडवणारे पुढचे आवरण, आले आणि त्यानंतर प्रवासी स्वारांसाठी अधिक उंच, अधिक रुंद फेअरिंगची आरटी निघाली, असे सारे मला तोंडपाठ होते. फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ धातूची पट्टी, व्हॉल्व्हच्या नेमक्या कोणत्या फटीत सरकवायचा, हे मात्र ठाऊक नव्हते.

आपली पहिली खरी ओळख ऑइल फिल्टरमुळे झाली. तो प्रसंग मी अजून कोणाला पूर्ण सांगितलेला नाही, आज सांगते. गाडीचे ऑइल मी पहिल्यांदाच स्वतः बदलले होते. जुने ऑइल काढले, उजव्या बाजूचे तीन बोल्टचे झाकण उघडून फिल्टर बदलला, झाकण बसवले, अडीच लिटर नवे ऑइल भरले आणि मोठ्या अभिमानाने तुम्हाला फोन लावला. शाबासकी मिळेल अशी अपेक्षा होती. तुम्ही एवढेच विचारले, “झाकणामागची पांढरी रिंग बसवलीस? आणि ती बसवायच्या आधी खोली मोजलीस का?” मी खाली पाहिले. पांढरी ओ-रिंग फडक्यावर, माझ्या गुडघ्याजवळ पडलेली होती. तुम्ही शांतपणे म्हणालात, “स्टार्टरला हात लावू नकोस. मी येतो.”

त्या दिवशी ती रिंग नसती तर काय झाले असते, हे तुम्ही मला जमिनीवर खडूने आकृती काढून समजावलेत. पंपाकडून दाबाने आलेले ऑइल फिल्टरमधून गाळून पुढे बेअरिंगांकडे जायला हवे. पण फिल्टरच्या नळकांड्याची कड आणि झाकण यांच्यामध्ये ती रिंग नीट दाबली गेली नाही तर ऑइलला आतल्या आत पळवाट मिळते आणि ते पुन्हा तळाच्या टाकीत पडते. बाहेर एक थेंबही गळत नाही. मालक समाधानाने गाडी चालवत राहतो आणि बेअरिंगांना मात्र पुरेसा दाब मिळत नाही. पुन्हा, केवळ रिंग बसवणे पुरेसे नाही. नळकांड्याची कड इंजिनच्या कडेपासून किती आत आहे त्यावर ती किती दाबली जाणार हे ठरते, आणि ते अंतर प्रत्येक गाडीत थोडे वेगळे असते, म्हणून ते मोजूनच मधली पातळ धातूची चकती घालायची. एवढ्याशा रबराच्या चुकीपायी ज्यांची इंजिने गेली अशा मालकांचे किस्से या गाड्यांच्या जगात पुष्कळ आहेत. तुम्ही रागावला नाहीत. खिशातून खोली मोजायचे डेप्थ गेज काढून माझ्या हातात दिलात आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिलात.

ते पाठीमागे बांधलेले हात ही मला मिळालेली सर्वांत मोठी मदत होती. इतर कोणीही जाणकार असता तर माझ्या हातातून पाना काढून घेऊन पाच मिनिटांत काम संपवता, आणि मी कृतज्ञ होऊन तितकीच अडाणी राहिले असते. तुम्ही मात्र माझे चुकलेले आटे, घसरलेले पाने आणि दोनदा हातातून निसटून स्टँडखाली गडगडलेला नट हे सगळे निमूटपणे पाहिलेत. तुम्हाला ते किती जड गेले असेल, याची कल्पना मला आता, एका नवशिक्या मैत्रिणीला शिकवताना येते आहे. माझे हात अजून पाठीमागे राहत नाहीत.

व्हॉल्व्हची फट पाहण्याचे काम मी आता डोळे मिटून करू शकते असे म्हटले तर तुम्ही भुवया उंचावाल, म्हणून तसे म्हणत नाही. पण पहिल्या वेळची सकाळ मला अजून लख्ख आठवते. गाडी रात्रभर उभी राहून पूर्ण थंड झालेली, मधल्या स्टँडवर चढवलेली, दोन्ही प्लग काढून ठेवलेले. पाचवा गिअर टाकून मागचे चाक हाताने हळूहळू फिरवायचे आणि डाव्या बाजूच्या रबरी बुचाखालच्या भोकातून इंजिनबरोबर फिरणाऱ्या जड चाकावरची, म्हणजे फ्लायव्हीलवरची, पिस्टन टोकाला पोहोचल्याची ‘ओटी’ ही खूण नेमकी मध्यावर येऊन थांबेपर्यंत टॉर्च धरून बघत राहायचे. मी घाईने पुढे गेले, मागे आले, पुन्हा पुढे गेले. खूण आल्यावर तुम्ही विचारलेत, “कोणत्या बाजूचे रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे दांडे, सैल आहेत?” कारण त्या खुणेवर एका बाजूचा पिस्टन दाबाच्या टोकाला असतो आणि दुसऱ्या बाजूचे व्हॉल्व्ह उघडमिटीच्या मधोमध असतात, ज्या बाजूचे दोन्ही रॉकर बोटाने किंचित हलतात तीच बाजू मोजायची. इंधन आत घेणाऱ्या इनलेट व्हॉल्व्हला 0.10 मिलिमीटर, धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्टला 0.20. जाड पुस्तकाच्या पानांत दबलेला कागद ओढून काढताना तो हाताला जसा लागतो, तसे गेजचे पान सरकले पाहिजे, ही तुमची उपमा कोणत्याही दुरुस्ती-पुस्तिकेत मला सापडली नाही. मी फट ठरवणारा स्क्रू लावला, तो जागी धरणारा लॉकनट आवळला, झाकण उचलले आणि तुम्ही म्हणालात, “आवळल्यावर परत मोजलंस का?” नव्हते मोजले. नट आवळताना स्क्रू किंचित फिरला होता आणि फट पार बुजली होती.

सिलिंडर असे बाहेर, हाताशी असल्यामुळे हे सगळे टाकी न उतरवता, फेअरिंगला हात न लावता करता येते, म्हणून मालकाने स्वतः सांभाळण्यासाठी याहून सोयीची प्रवासी गाडी क्वचितच असेल, असे माझे मत आहे. तुमचे मत याहून कडक आहे, ते मी येथे लिहीत नाही. इतर गाड्यांचे मालक दुखावतील.

कार्बोरेटरची शिस्तही तुमचीच. आधी व्हॉल्व्ह, मग इग्निशनचे टायमिंग आणि सर्वांत शेवटी कार्बोरेटर, हा क्रम कधीही उलटा करायचा नाही. फळीवर इंग्रजी यू आकारात ठोकलेली पारदर्शक नळी, तिच्यात थोडे ऑइल, आणि तिची दोन टोके दोन कार्बोरेटरना जोडलेली, एवढ्या साधनाने दोन सिलिंडर एकसारखे ओढतात की नाही हे दिसते, यावर माझा विश्वासच बसला नव्हता. फार फरक असला तर इंजिन ते ऑइलच गिळून टाकते, हे तुम्ही सांगायच्या आधी माझ्या गाडीने करून दाखवले, आणि त्यानंतर निघालेल्या निळ्या धुरात तुम्ही जे हसलात तेवढे मोकळेपणाने हसताना मी तुम्हाला एरवी पाहिलेले नाही.

आता त्या रात्रीविषयी. घरापासून दोन दिवसांच्या अंतरावर, बाजूच्या पेट्या भरलेल्या, आणि संध्याकाळी हेडलाइट पिवळा पडू लागला. मी तुम्हाला अवेळी फोन केला. बॅटरी गेली असे गृहीत धरून मी नवी कुठे मिळेल हे विचारत होते, तुम्ही विचारलेत, “किल्ली फिरवल्यावर, इंजिन बंद असताना, चार्जिंगचा लाल दिवा लागतो का?” मी किल्ली फिरवून पाहिली. लागत नव्हता. दिवा लागत नाही म्हणजे सगळे ठीक, असे मी दोन दिवस समजत होते, आणि वस्तुस्थिती नेमकी उलटी होती. या गाडीत बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या फिरत्या भागाला, म्हणजे रोटरला, सुरुवातीचा प्रवाह त्या दिव्यातूनच मिळतो. त्यामुळे किल्ली फिरवल्यावर दिवा पेटला नाही तर एक तर बल्ब गेलेला असतो किंवा पुढची वाट, म्हणजे कार्बनचे ब्रश नाहीतर रोटरचे वेटोळे, कुठेतरी तुटलेली असते. बल्ब बदलून पाहिला. काही फरक पडला नाही. मग तुम्ही मला फोनवरून पुढचे झाकण उघडायला लावलेत, पण त्याआधी बॅटरीची ऋण तार सोडल्याचे माझ्याकडून दोनदा वदवून घेतलेत, कारण झाकण निघताना आतल्या डायोड बोर्डाच्या जिवंत टोकाला टेकले तर एका ठिणगीत सगळे जळून जाते. मीटरची दोन टोके रोटरच्या दोन कड्यांवर ठेवली. काही ओहम दिसायला हवे होते, तेथे मीटर अनंत दाखवत होता.

दोष कळल्यावर भीती गेली, हे मी तुम्हाला त्या रात्री सांगितले नाही. रात्री मुक्कामी बॅटरी चार्जरवर लावायची, दिवसाउजेडी हेडलाइट बंद ठेवून केवळ इग्निशनपुरती वीज वापरत चालवायचे, स्टार्टर शक्यतो दाबायचा नाही आणि गाडी उतारावरच उभी करायची, या तुमच्या हिशेबाने मी दोन टप्प्यांत स्वतःच्या चाकांवर घरी पोहोचले. नवा रोटर आला तेव्हा जुना काढण्यासाठी तुम्ही तुमच्या पेटीतला कडक पोलादाचा खास बोल्ट दिलात, आणि साधा बोल्ट वापरला तर तो आतच वाकून किंवा तुटून बसेल असे बजावलेत. निमुळत्या दांड्यावर चिकटलेला तो रोटर सुटला तेव्हा झालेला ‘टक्’ आवाज ऐकून आपण दोघेही दचकलो होतो. तेव्हापासून प्रत्येक वेळी किल्ली फिरवली की माझी नजर आपोआप त्या लाल दिव्याकडे जाते. एकूण 280 वॅटचाच अल्टरनेटर, तोही मंद गतीला फारसे काही न देणारा, म्हणून गरम होणाऱ्या मुठी आणि जास्तीचे दिवे लावायचा माझा बेतही त्याच आठवड्यात बारगळला.

चालवण्याविषयी तुम्ही फार कमी बोललात, पण जे बोललात ते नेमके होते. शाफ्टमुळे ॲक्सिलरेटर दिला की गाडीची मागची बाजू उचलली जाते आणि एकदम सोडला की ती खाली बसते. म्हणून वळणाच्या मध्यावर घाबरून ॲक्सिलरेटर सोडला तर नेमकी हवी असते तेव्हाच जमिनीपासूनची उंची कमी होते. “वेग वळणाच्या आधी उरकून घे,” एवढेच तुम्ही म्हणालात. भरलेल्या पेट्यांनिशी घाट उतरताना हे वाक्य मला इतक्या वेळा उपयोगी पडले आहे की त्याचे वेगळे आभार मानायला हवेत.

एका बाबतीत मात्र मी तुमचे ऐकले नाही, आणि आभाराच्या पत्रात तक्रार शोभत नसली तरी ती नोंदवते. माझ्या मागच्या टायरवर नक्षी भरपूर शिल्लक आहे, अजून दोन वर्षे सहज चालेल, असे तुम्ही हाताने चाचपून सांगितले होते. मी टायरच्या बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचला. तो 2310 होता, म्हणजे 2010 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत होती, पण रबर नखालाही दाद देत नव्हते आणि कडेला बारीक भेगा होत्या. तेव्हा मी तुम्हाला विचारले, “काका, तुम्ही मोजलंत का?” तुम्ही चष्मा काढून तो शिक्का वाचलात, बराच वेळ काही बोलला नाहीत, आणि मग उठून स्वतःच्या गाडीचे टायर पाहायला गेलात. पुढच्या आठवड्यात तुमच्याही गाडीला दोन नवे टायर लागले होते. यावर आपण कधी बोललो नाही.

तुम्ही दिलेली नोंदवही आता भरली आहे. तारीख, किलोमीटर, चारही व्हॉल्व्हच्या फटी मोजताना किती सापडल्या आणि किती ठेवल्या, एवढे तीत तुमच्या सांगण्याप्रमाणे दर वेळी लिहिले आहे, आणि म्हणूनच उजव्या बाजूच्या एक्झॉस्टची फट दर खेपेला थोडी थोडी कमी होत चालल्याचे मला वेळीच दिसले. व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत रुतत चालला आहे की काय, याचा निकाल हेड उतरवल्याशिवाय लागणार नाही. नवी वही आणली आहे. पहिल्या पानावर तीच फट लिहिली आहे.

रविवारी गिअरबॉक्स मागे सरकवून क्लचकडच्या स्प्लाइन, म्हणजे दांड्यावरच्या खाचा, साफ करून ग्रीस लावायचे काढले आहे. तुमचा तो पोलादी बोल्ट अजून माझ्याच पेटीत आहे, तो त्या दिवशी परत देईन. तुम्ही यावे, ही विनंती. स्टूल ठेवते आहे. हात पाठीमागे बांधून उभे राहण्याची गरज नाही.

आपली कृतज्ञ,
आर 100 आरटीची सध्याची सांभाळकर्ती