पुरुषांच्या चेंजिंग रूमलाही कडी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घोडबंदर रोडला मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत गेल्या काही वर्षांत किती जिम निघाल्या, हे ठाणेकरांना सांगायला नको. शोरूमच्या वरचा पहिला मजला भाड्याने घ्यायचा, रस्त्याच्या अंगाला काच लावायची, आत आरसे आणि झगमगीत यंत्रं मांडायची, वर्षाची फी आगाऊ घ्यायची. यंत्रांवर, दिव्यांवर, गाण्यांवर केलेला खर्च दिसतो. मागच्या कोपऱ्यातल्या कपडे बदलायच्या खोलीसाठी मात्र काही उरत नाही, आणि ती खोली पुरुषांची असेल तर तिच्याबद्दल कुणी तोंडही उघडत नाही. बायकांच्या चेंजिंग रूमबद्दल लिहिलं-बोललं जातं, आणि ते जायलाच हवं. मला आज पुरुषांच्या खोलीबद्दल लिहायचं आहे. मी आयुष्यभर शाळेत पी.टी.चा शिक्षक होतो. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी हलका व्यायाम सांगितला, म्हणून आता मीही घराजवळच्या जिमला जातो.

तिथली खोली असेल 10 बाय 8 फुटांची. एका भिंतीला लॉकर, मधे बाक, पलीकडे दोन शॉवर. शॉवरना दारं नाहीत, मधे फक्त छातीएवढी भिंत. खुंटी नाही, त्यामुळे टॉवेल नळावर टाकायचा आणि तो भिजू नये म्हणून एका हाताने सांभाळत आंघोळ करायची. खोलीच्या दाराचा क्लोजर बिघडलेला आहे. कुणी आत-बाहेर केलं की दार रमतगमत मिटतं, आणि तेवढा वेळ समोर ट्रेडमिलवर चालणाऱ्यांना, त्यात बायकाही आल्या, आतलं सगळं दिसतं. आतल्या माणसाने तेवढ्यात पाठ फिरवायची. माझ्या छातीवर उभा व्रण आहे. त्याची मला लाज नाही, पण तो कुणाला दाखवायचा आणि कुणाला नाही हे मी ठरवेन.

दर तासाला सफाईवाल्या मावशी येतात, कारण दाराला अडकवलेल्या तक्त्यावर त्यांना तासातासाला सही करावी लागते. त्या बाहेरून "येऊ का?" विचारतात, उत्तराची वाट पाहायला सवड नसते, सुपरवायझर ओरडतो. मग मान खाली घालून मॉप ढकलत आत येतात, आणि बाहेर पडेपर्यंत मान वर करत नाहीत. या खोलीला पुरुष सफाई कामगार का नेमत नाही, असं मी मॅनेजरना विचारलं. ते म्हणाले, "सर, जेंट्सना काय प्रॉब्लेम?" जेंट्सना प्रॉब्लेम आहेच, आणि मावशींना त्याहून जास्त आहे. अर्धवट कपड्यांतल्या परक्या पुरुषांमधून वाट काढत फरशी पुसायला एखाद्या बाईला लावणं हे मुळातच वाईट आहे. त्यांच्या वतीने कुणी बोलत नाही, म्हणून हेही इथेच लिहितो.

आता मुलांबद्दल. वयात येताना मुलग्यांच्या छातीला थोडा उभार येणं ही अगदी सर्रास गोष्ट आहे. त्या वयात हार्मोन्स खालीवर होत असतात. जवळपास निम्म्या मुलांना कमी-अधिक प्रमाणात हे होतं, आणि बहुतेकांचं वर्ष-दोन वर्षांत आपोआप ओसरतं. हे त्यांना कुणी सांगत नाही. शाळेत कबड्डीच्या सरावाला टीशर्ट काढायची वेळ आली की एखादा मुलगा हमखास म्हणायचा, "सर, पोट दुखतंय." पोट दुखत नसायचं. अशा मुलाला सगळ्यांदेखत काही न विचारता टीशर्टवरच खेळू द्यायचं, एवढं मी करत असे. मग तो खेळात टिकायचा.

ओळखीतल्या एका घरातला असाच मुलगा 16 वर्षांचा असताना मोठ्या हौसेने एका जिममध्ये जाऊ लागला. तिथल्या चेंजिंग रूममध्ये कुणीतरी दंडाचा फोटो काढत होता, आरशात. मागे हा टीशर्ट बदलत होता. फोटो त्यांच्या ग्रुपवर गेला आणि कुणीतरी त्यात मागे दिसणारा हा मुलगा मोठा करून तो पुन्हा टाकला. पुढे काय झालं असेल ते वाचकांना कळेल. मुलाने जिम सोडली, पोहायला जाणंही सोडलं. आईवडील तक्रार करायला गेले तेव्हा जिमवाले म्हणाले की फोटो काढणारा स्वतःचाच फोटो काढत होता, आम्ही काय करणार?

कायद्याकडे पाहावं तर तिथेही या मुलासाठी फारसं काही नाही. चोरून पाहणं, चित्रण करणं हा भारतीय दंड संहितेच्या 2013 च्या दुरुस्तीने स्वतंत्र गुन्हा झाला. 1 जुलै 2024 पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 मध्ये आहे, आणि पहिल्याच गुन्ह्याला किमान एक, कमाल तीन वर्षं कैद आहे. पण जिचं चित्रण झालं ती स्त्री असेल तरच हे कलम लागतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66-ई कुणाही व्यक्तीला संरक्षण देतं. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मात्र त्यातही शरीराचे भाग मोजून सांगितलेले आहेत, आणि छाती धरली आहे ती फक्त स्त्रीची. म्हणजे उघड्या छातीच्या मुलाचा फोटो त्यात बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो मुलग्यांनाही आहे. पण घोडबंदरच्या पहिल्या मजल्यावर तो पोहोचायचा तर जिमच्या मालकाने दारं लावायला हवीत आणि फोनला आत बंदी करायला हवी.

फोनबंदीची पाटी काही ठिकाणी आहे, पण तिच्याकडे कुणी बघत नाही. मी थोडं विचारून पाहिलं, तेव्हा कारण कळलं. लॉकरच्या कड्या ढिल्या असतात, पाकिटं-फोन चोरीला जातात, म्हणून लोक फोन हातातच ठेवतात. चोऱ्या होतात म्हणून मालक लॉकरवर कॅमेरा लावतात. आणि लॉकर असतात कपडे बदलायच्या खोलीतच! कॅमेऱ्याचं तोंड लॉकरकडे आहे असं आपल्याला सांगतात. पण लॉकरसमोर उभं राहूनच तर माणूस पँट बदलतो. ते चित्रण रिसेप्शनच्या टीव्हीवर कोण बघतं, किती दिवस साठवून ठेवतात, याचं धड उत्तर मला कुठेही मिळालेलं नाही.

यावरचा उपाय साधा आहे. लॉकर बाहेर पॅसेजमध्ये काढावेत, तिथे खुशाल कॅमेरा लावावा, चांगल्या कड्या बसवाव्यात. आत कॅमेराही नको आणि फोनही नको. आतल्या जागेत तीन बाय तीन फुटांचे दोन-तीन आडोसे करावेत, प्लायचे किंवा पीव्हीसीचे, वरून हवा खेळेल असे. प्रत्येकाला आतून कडी आणि दोन खुंट्या. शॉवरलाही तसंच दार. बाहेरच्या दारासमोर एक आडवी पार्टिशन टाकली की दार उघडं राहिलं तरी नजर थेट आत जात नाही. एका ट्रेडमिलची जागा यात जाईल, जाऊ दे. सफाईची वेळ ठरवून दहा मिनिटं खोली बंद ठेवता येते.

यात तब्येतीचाही प्रश्न आहे. आडोसा नसला की कित्येक जण तिथे कपडे बदलतच नाहीत. घामाने चिंब टीशर्ट आणि आतले ओले कपडे अंगावर तसेच घेऊन रिक्षा पकडतात, सकाळचे असतील तर ठाण्याहून लोकल धरून ऑफिसला जातात. आपल्याकडची दमट हवा, त्यात पावसाळा, आणि जांघेत, काखेत तासन्‌तास ओल. नायटा याच ओलीत वाढतो. मग दुकानातून कुणीतरी सांगितलेलं स्टेरॉइडचं मलम आणून चोळतात, खाज दोन दिवस थांबते आणि नायटा आणखी पसरतो. त्वचारोगतज्ज्ञ कानीकपाळी ओरडतात की व्यायामानंतर अंग धुऊन कोरडं करा, सुती कपडे घाला. माणसाने ते करायचं कुठे?

माझ्या वयाचे लोक म्हणतील, आम्ही तालमीत लंगोटावर वाढलो, तेव्हा कुणाला लाज वाटली? मीही लाल मातीत लोळलेलो आहे. पण तालमीत आजूबाजूचे सगळे ओळखीचे असायचे, वस्तादांचा धाक असायचा, आणि कुणाच्या हातात कॅमेरा नसायचा. शिवाय तेव्हाही जो मुलगा लाजायचा तो हळूच यायचा बंद व्हायचा. त्याची आठवण आज कुणी काढत नाही, इतकंच.

एक बंद खोली अशीही हवी की जी कुणालाही वापरता येईल. सहा वर्षांच्या लेकीला पोहायला घेऊन आलेल्या बापाने तिला कुठे न्यायचं? पोटावर पिशवी लावलेला कर्करोगाचा रुग्ण, अंगावर कोड असलेला तरुण, तृतीयपंथी सभासद, ज्याला मदतनीस लागतो असा माणूस, या सगळ्यांची सोय त्या एका खोलीत होते.

ठाणे महानगरपालिकेला माझी विनंती आहे की आधी स्वतःच्या तरण तलावांत आणि व्यायामशाळांत या गोष्टी करून दाखवाव्यात, आणि मग शहरातल्या खासगी जिमसाठी त्यांची नियमावली काढावी. तोवर वाचकांनी एक करावं. नवीन जिममध्ये पैसे भरायच्या आधी यंत्रं दाखवतात, तेव्हा चेंजिंग रूम बघायला मागावी. मुलग्यासाठी चौकशी करत असाल तर तर जरूर मागावी. आत जाऊन कडी लागते का, कॅमेरा कुठे आहे, खुंटी आहे का, हे बघावं, आणि नसेल तर पैसे न भरता का परत चाललो ते काउंटरवर मोठ्याने सांगावं.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
घोडबंदर रोड, ठाणे (प.)