मस्कीसाठी पाणी निवडताना

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत उत्तर अमेरिकेतील मस्की या माशाच्या मासेमारीवर आलेला लेख आवडीने वाचला. माशाच्या स्वभावाविषयी लेखकाने जे लिहिले आहे, त्यात खोट काढण्यासारखे काही नाही. माझा आक्षेप आहे तो लेखाशेजारच्या ‘कुठे जाल?’ या चौकटीला. मिनेसोटातील मिल लॅक्स तळे, अमेरिकेचे मिशिगन राज्य आणि कॅनडाचा ऑन्टॅरियो प्रांत यांच्या सीमेवरील लेक सेंट क्लेअर, सेंट लॉरेन्स नदी, लेक ऑफ द वुड्स आणि विस्कॉन्सिनमधील हेवर्ड गावाभोवतालची तळी, अशी ती यादी आहे. यांतील एकही नाव चुकीचे नाही आणि प्रत्येक ठिकाणी अजस्र मासे निघाले आहेत. मात्र ज्याने मस्की पकडणे तर सोडाच, पाण्यात पोहतानाही पाहिलेला नाही, अशा वाचकाच्या हाती एवढीच यादी देणे म्हणजे त्याची सुटी वाया जाईल अशी व्यवस्था करून देणे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मस्की हा पाइक या गोड्या पाण्यातील शिकारी माशाच्या कुळातील सर्वांत मोठा मासा. अन्नसाखळीच्या टोकाला असलेल्या कोणत्याही शिकाऱ्याप्रमाणे तो संख्येने थोडाच असतो. दोन-तीन एकर पाण्यामागे एक प्रौढ मासा असला, तरी ते तळे चांगले समजले जाते. त्याला ‘दहा हजार फेकींचा मासा’ म्हणतात ते उगाच नव्हे. मिल लॅक्सचा विस्तार सुमारे १ लाख ३२ हजार एकर आहे आणि तेथील मस्की आकाराने दांडगे असले तरी फार विरळ आहेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये मिनेसोटाचा जुना राज्यविक्रम मोडणारा ५५ पौंड १४.८ औंसांचा, म्हणजे पंचवीस किलोंहून अधिक वजनाचा मासा तिथेच मिळाला, हेही तितकेच खरे. ज्यांना असे मासे मिळतात ते त्या पाण्यावर वर्षानुवर्षे घालवलेले लोक असतात. कोणत्या वाऱ्यात पाण्याखालच्या कोणत्या खडकाळ उंचवट्यावर जायचे, हे त्यांना पाठ असते. पाहुण्याला समोरचा किनारासुद्धा नीट दिसत नाही, आणि वारा उठला की लहान होडी घेऊन आत जाण्याची सोयही उरत नाही. मग आठवड्यातले दोन-तीन दिवस धक्क्यावर बसून लाटा मोजण्यात जातात.

हेवर्डविषयी थोडे वेगळे सांगायला हवे. तेथील कीर्ती मुख्यतः १९४९ सालची आहे. त्या वर्षी जुलैमध्ये कॅल जॉन्सन यांनी लॅक कोर्ट ओरेय या तळ्यात ६७ पौंड ८ औंसांचा मस्की पकडला, आणि ऑक्टोबरमध्ये लुई स्प्रे यांनी चिपेवा फ्लोएज या जलाशयात ६९ पौंड ११ औंसांचा. आज एक संस्था पहिल्या माशाला जागतिक विक्रम मानते आणि दुसरी संस्था दुसऱ्याला. दोन्ही माशांच्या मापांवरचे वाद अजून मिटलेले नाहीत. गावात सुमारे १४३ फूट लांबीची मस्कीची भव्य प्रतिकृतीही उभी आहे आणि तिच्या जबड्यात उभे राहून छायाचित्र काढता येते. (घरी मुले असतील तर एवढ्यासाठी हेवर्डला जरूर जावे.) पण पाऊण शतकापूर्वीच्या विक्रमावरून आजचे तळे निवडणे शहाणपणाचे नाही. इतक्या काळात तळे बदलते. ज्या पाण्यात पाइक वाढतात तिथे मस्कीची नैसर्गिक पैदास अडचणीत येते, कारण पाइकची अंडी वसंतात आधी फुटतात आणि मस्कीची पिल्ले बाहेर येईपर्यंत पाइकची पिल्ले त्यांना खाण्याएवढी मोठी झालेली असतात.

मग पाणी निवडायचे कसे? विस्कॉन्सिनच्या निसर्गसंपत्ती खात्याने याचे उत्तर फार पूर्वीच देऊन ठेवले आहे आणि आपल्या चौकटीत त्याचा उल्लेख नसावा याचे मला आश्चर्य वाटते. हे खाते राज्यातील मस्कीच्या तळ्यांची आणि नद्यांची वर्गवारी करते. ‘ए’ वर्गातील पाण्याचे दोन भाग आहेत. ‘ए-१’ म्हणजे जिथे मासे कमी असतील, पण मिळाला तर विक्रमी आकाराचा मिळू शकेल असे पाणी, आणि ‘ए-२’ म्हणजे जिथे मासे संख्येने अधिक आहेत आणि गळाला हालचाल होण्याची शक्यता सर्वांत चांगली आहे असे पाणी. त्याखाली ‘बी’ आणि ‘सी’ वर्ग येतात. नवख्या माणसाने डोळे मिटून ‘ए-२’ मधले चार-पाचशे एकरांचे एखादे तळे निवडावे. एवढे तळे दोन दिवसांत पूर्ण फिरून होते, कोणत्याही वाऱ्यात आडोशाचा एक तरी किनारा सापडतो, आणि सकाळी जिथे मासा दिसला तिथे संध्याकाळी पुन्हा जाता येते. हा शेवटचा मुद्दा फार मोलाचा आहे, कारण मस्की बरेचदा आपली जागा सोडत नाही. सकाळी नुसता बघून गेलेला मासा सूर्य मावळताना त्याच गवताच्या कडेला आमिष घेतो.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे पिल्ले सोडल्याच्या नोंदी. मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या दोन्ही राज्यांत कोणत्या तळ्यात कोणत्या वर्षी मस्कीची किती पिल्ले सोडली, याची माहिती सरकारी खात्यांकडून सर्वांना पाहता येते. लोक ती वाचतात, पण बहुधा ताज्या वर्षाचा आकडा बघून खूश होतात. गेल्या वर्षी सोडलेले बोटभर लांबीचे किंवा वीतभर लांबीचे पिल्लू या वर्षी तुमच्या काय कामाचे? मस्कीला चाळीस इंचांच्या आसपास पोचायला साधारण सात-आठ वर्षे लागतात आणि पन्नाशी गाठायला बारा-पंधरा, कधी त्याहूनही अधिक. म्हणून गळाला नुसती हालचाल हवी असेल तर सात-आठ वर्षांपूर्वीच्या नोंदी पाहाव्यात आणि मोठा मासा हवा असेल तर पंधरा वर्षांपूर्वीच्या. मध्येच चार वर्षे पिल्ले सोडणे बंद झाले असेल, तर ती पोकळी पुढे कोणत्या वर्षी जाणवेल याचा हिशेब कागदावरही करता येतो.

तिसरी गोष्ट खाद्याची. ज्या खोल, थंड तळ्यांत सिस्को हा चरबीयुक्त मासा मुबलक असतो, तिथे मस्की प्रचंड वाढतो. हे ऐकून माणूस अशाच तळ्यांकडे धावतो. पण उन्हाळ्यात तिथला मस्की सिस्कोच्या थव्यांमागे खोल, उघड्या पाण्यात हिंडत असतो आणि किनाऱ्याच्या गवतात आमिष फेकणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यापेक्षा पाणवनस्पतींनी भरलेले उथळ तळे नवख्याला सोपे जाते, कारण तिथे गवताची बाहेरची कडा हीच माशाची जागा असते आणि ती डोळ्यांना दिसते.

लहान तळ्याचा आग्रह धरण्याचे आणखी एक कारण आहे. मस्कीच्या मासेमारीतील निम्मे शिक्षण होडीच्या कडेला होते, आणि त्यासाठी मासा होडीपर्यंत यावा लागतो. हा मासा आमिषाच्या मागे मागे येतो आणि होडी दिसताच थबकतो. तेव्हा आमिष पाण्याबाहेर काढायचे नसते. दोरी हातभर उरली की रॉडचे टोक पाण्यात खुपसायचे आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखी रुंद वळणे घेत आमिष फिरवत राहायचे. वळण अरुंद झाले तर चार फूट लांबीच्या माशाला ते घेता येत नाही आणि तो खाली निघून जातो. वळण मोठे ठेवून बाहेरच्या टोकाला आमिष थोडे वर उचलले, तर तपकिरी-हिरवी सावली एकदम फिरते, गालफडे उघडलेली दिसतात आणि रॉड हातातून ओढला जातो. हे जमण्यासाठी तसे प्रसंग वारंवार यावे लागतात. जिथे आठवड्यात एकही मासा मागे येत नाही, तिथे आठवडाभर काढून माणूस काय शिकणार?

ऋतूविषयी आपल्या लेखात ‘जून ते सप्टेंबर’ एवढेच म्हटले आहे, आणि ते पुरेसे नाही. उत्तर विस्कॉन्सिनमध्ये हंगाम मेअखेर उघडतो, मिनेसोटात जूनच्या सुरुवातीला आणि वायव्य ऑन्टॅरियोत जूनच्या तिसऱ्या शनिवारी. पण खरा प्रश्न पाण्याच्या तापमानाचा आहे. जुलैच्या शेवटी उथळ तळ्यांचे पाणी २७ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. अशा कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि झुंजून दमलेला मासा सोडून दिला तरी अनेकदा पुढे मरतो. जाणते लोक अशा दिवसांत मस्कीचा नाद सोडून दुसरे मासे धरतात. ज्यांची सुटी उन्हाळ्यातच ठरलेली आहे, त्यांनी उत्तरेकडचे, ऑन्टॅरियोतील थंड पाणी निवडावे. आणि ज्यांना एप्रिल किंवा ऑक्टोबरमध्येच सवड मिळते, त्यांनी केंटकीतील केव्ह रन लेकचा विचार करावा. हा धरणाचा जलाशय दक्षिणेकडे मस्कीसाठी नावाजलेला आहे आणि तिथे हंगामबंदी नसते. आपल्या चौकटीत त्याचे नाव यायला हवे होते.

नद्यांचीही आपल्या लेखात उपेक्षाच झाली आहे. आली ती एकटी सेंट लॉरेन्स, आणि ती तर समुद्रासारखी. विस्कॉन्सिन, चिपेवा, फ्लॅम्बो या नद्यांच्या वरच्या पट्ट्यांत, किंवा व्हर्जिनियातील न्यू रिव्हरमध्ये, लहान होडीतून प्रवाहाबरोबर उतरत मस्की पकडता येतो. मासे सरासरीने लहान असतात, पण प्रवाह ओसरणारी डोहाची जागा आणि आडवे पडलेले झाड कोणालाही ओळखता येते. महागडी मोटरबोट आणि तिच्यावरची यंत्रे नसलेल्या माणसासाठी याहून चांगली सुरुवात मला दिसत नाही.

परवान्यांबद्दलही दोन शब्द. सीमा ओलांडली की नियम बदलतात. मिनेसोटात उघड्या (न गोठलेल्या) पाण्यात एका माणसाला गळाची एकच दोरी टाकता येते, मिशिगनमध्ये तीन; त्यामुळे लेक सेंट क्लेअरवर होडीमागे अनेक आमिषे ओढत नेण्याची जी पद्धत आहे, ती मिनेसोटात तशीच्या तशी चालत नाही. मिनेसोटात सर्वसाधारणपणे ५४ इंचांहून आखूड मस्की ठेवता येत नाही, तर विस्कॉन्सिनची सर्वसाधारण मर्यादा ४० इंचांची असून काही ठिकाणी ती बरीच वाढवलेली आहे. ऑन्टॅरियोत कमी शुल्काचा ‘कॉन्झर्व्हेशन’ परवाना मिळतो आणि त्यावर मस्की पकडून सोडता येतो, ठेवता येत नाही. मासा ठेवायचाच नसेल तर तोच घ्यावा. आणि तो ठेवू नये असे मी आग्रहाने म्हणेन, कारण मादीला अंडी घालण्याच्या वयात यायलाच पाच-सहा वर्षे लागतात. १९५५ च्या जुलैमध्ये मिनेसोटाच्या लीच लेकवर काही दिवस मस्की वेड लागल्यासारखे आमिषावर तुटून पडले होते. ते मासे ओळीने टांगलेले जुन्या छायाचित्रांत दिसतात आणि आज तिकडे बघवत नाही. १९६६ मध्ये मिनेसोटातील सेंट पॉल येथे ‘मस्कीज इन्कॉर्पोरेटेड’ ही संस्था स्थापन झाली आणि पुढच्या काळात तिने मासा सोडून देण्याचा प्रघात पाडला; आज मोठ्या माशांची जी संख्या दिसते, त्यात त्या प्रघाताचा वाटा मोठा आहे.

सोडायचे तर साधने बरोबर हवीत. रबरी जाळीचा मोठा झेला, लांब तोंडाची पक्कड आणि गळाचे पोलाद तुटेल असे कटर, या तीन वस्तूंवाचून कोणीही होडीत पाऊल ठेवू नये. मासा झेल्यात, पाण्यातच ठेवून गळ काढावा; तिहेरी गळ खोल रुतला असेल तर ओढाताण न करता तो तोडून टाकावा. छायाचित्र हवे असेल तर आधी कॅमेरा तयार ठेवावा, मग मासा दोन्ही हातांवर आडवा धरून काही क्षणांपुरताच उचलावा. आपल्या लेखासोबत छापलेल्या चित्रात मासा जबड्याला धरून उभा लोंबकळत ठेवलेला आहे. एवढ्या वजनाच्या माशाला तसे धरल्याने त्याच्या जबड्याला आणि आतल्या अवयवांना इजा होते, आणि वाचक लेखापेक्षा चित्राचेच अनुकरण करतात.

तरी पुढील पुरवणीत या चौकटीची पुरवणी म्हणून ‘ए-२’ वर्गातील तळी, नद्या, केव्ह रन लेक आणि पाण्याच्या तापमानाची मर्यादा यांचा उल्लेख करावा, आणि शक्य झाल्यास ते चित्र पुन्हा वापरू नये, ही विनंती.

कळावे,

आपला,
मिनेसोटास्थित एक जुना वाचक