बिनरोखीचा श्रावण

नागपूर,
तान्ह्या पोळ्याचा दुसरा दिवस

प्रिय बंड्या,

मागे फोनवर तू ऐटीत म्हणालास, "दोन वर्षं झाली, मी पाकीटच बाळगत नाही. नोटा म्हणजे म्हाताऱ्यांचा हट्ट." तेव्हा मी गप्प बसलो. पण मनात घेतलं, की श्रावणात लोक मटण सोडतात, आपण नोटा सोडून पाहू. पोरांचा लाकडी बैलांचा तान्हा पोळा होईपर्यंत रोखीला हात लावायचा नाही.

आधी तुझ्या बाजूचं सांगतो. सकाळी तर्री-पोह्यांच्या गाडीवर पैसे आल्याचं सांगणारा खोका ओरडतो, बुर्डीला (सीताबर्डीला) मेट्रोत महाकार्ड टेकवलं की झालं, ऑटोवाला आपणहून स्कॅनर पुढे करतो. सुट्ट्यांवरून होणारी भांडणं बंद, चिल्लरऐवजी गोळ्या घेणं बंद. २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराला टक्केवारी द्यावी लागत नाही, म्हणून दहा रुपयांच्या चहालाही कुणी तोंड वाकडं करत नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये आपण दोघं एटीएमच्या रांगेत उभे होतो, तेव्हा कुणी हे सांगितलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं.

गंमत म्हणजे १४ एप्रिल २०१७ ला पंतप्रधानांनी आपल्या मानकापूरच्या स्टेडियममध्ये भीम-आधारचा शुभारंभ केला होता, आठवतं? अंगठा टेकवा आणि पैसे द्या. आजपर्यंत एकाही दुकानात मी अंगठा टेकवलेला नाही. बाजी मारली ती त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनानं.

आता माझं ऐक. कॉटन मार्केटमध्ये पहाटे एका बाईंकडून सांबार आणि वांगी घेतली. सांबार म्हणजे कोथिंबीर, पुण्यात राहून विसरला असशील! टोपलीला स्कॅनर अडकवलेला होता. पैसे पाठवले तर नाव भलत्याच माणसाचं आलं. विचारलं, तर म्हणाल्या, "भाच्याचा हाय. संध्याकाळी हिशोब करून देते तो." देतो का, किती देतो, ते मी विचारलं नाही. पण त्यांच्या चेहऱ्यावरून मला ते उत्तर फारसं आवडलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात धो धो पाऊस. पेट्रोल पंपावर तीनशेचं पेट्रोल भरलं, माझ्या खात्यातून पैसे कटले आणि पंपावरचा खोका मुका. पोरगा म्हणे, आले नाहीत. मी फोन दाखवतोय, तो मान हलवतोय, मागे हॉर्न वाजतायत. शेवटी मागच्या गाडीवरच्या एका अनोळखी माणसानं खिशातून तीन नोटा काढून दिल्या आणि स्वतःचा नंबर दिला. माझे पैसे तिसऱ्या दिवशी परत आले. त्याचे मी घरी पोचल्यावर लगेच पाठवले, ते मात्र झटक्यात गेले.

सगळ्यात जास्त अडलो ते घरातच. भांड्याच्या बाईंना पगार पाठवायला नंबर मागितला, तर त्या घाबरल्याच. "नाही भाऊ, फोनात नका टाकू. फोन पोट्ट्याकडं रायते. मेसेज आला का त्याले दिसते." पगारातल्या दोन-तीनशे रुपयांच्या नोटा त्या तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवतात, हे माझ्या बायकोला कधीचं ठाऊक होतं. मला आत्ता कळलं. तिनंच तिच्या पर्समधून पगार दिला. म्हणजे माझं व्रत चाललं ते भाच्याच्या खात्यावर, परक्याच्या खिशावर आणि बायकोच्या पर्सवर! बंड्या, तुझंही जरा तपासून बघ. तुझ्याकडे कामाला येणाऱ्या बाईंना पैसे कोण देतं?

आणि काल मोडलंच. संध्याकाळी गल्लीतली पोरं लाकडी बैल घेऊन दारात. थोरल्या पोरानं बोजारा, म्हणजे पोळ्याची खुशाली, मागायच्या आधीच सांगितलं, "काका, बाबांचा स्कॅनर आहे." त्याच्या हातात खरंच बापाचा मोबाईल होता! मी पाठवले वीस रुपये. त्याच्या मागे एक चार वर्षांची चिमुरडी होती. धोतर, फेटा, काजळाच्या मिशा, आणि चाकांचा एवढुसा बैल. बैलाच्या गळ्यात कापडी पिशवी. तिनं माझ्या फोनकडे पाहिलंही नाही, नुसती पिशवी उघडून धरली.

मी आत पळालो. देवघरातल्या वाटीत सत्यनारायणाची चिल्लर होती, ती उचलून आणली. एकेक नाणं टाकलं की ती कान पिशवीजवळ नेऊन आवाज ऐकायची. वाटी संपेपर्यंत ती हलली नाही.

आता बायको म्हणते, वाटी तूच भर. सकाळी एटीएमला गेलो, तर नुसत्या पाचशेच्या नोटा. रिझर्व्ह बँकेच्या चौकातून रोज जातो (आता तो संविधान चौक, पण आपल्या तोंडात आरबीआयच), आणि घरात एक रुपयाचं नाणं नाही. दिवाळीला येशील तेव्हा तुझ्या गाडीच्या कप्प्यात रोख टोलच्या जमान्यातली नाणी पडली असतील ती आण. मी यूपीआयनं पैसे देईन.

तुझा,
बुर्डीवाला