दुसरं ऑपरेशन आत्ता नको

कोल्हापूर,
१८ ऑगस्ट

प्रिय सुहास,

तुझ्या फसलेल्या हेअर ट्रान्सप्लांटचे फोटो काल रात्री पोचले. सगळे मोठे करून सावकाश पाहिले. बाकीचं पत्र नंतर वाचलंस तरी चालेल, पण एक गोष्ट आधी ऐक: दुरुस्तीच्या ऑपरेशनसाठी त्या नव्या सेंटरला ॲडव्हान्स भरू नकोस. ‘एकाच सिटिंगमध्ये सगळं दुरुस्त करून देतो’ असं जो म्हणतो, त्यानं तुझ्या डोक्याची मागची बाजू नीट पाहिलेलीच नाही. किंवा पाहून सोडून दिली आहे.

फोनवर तुझा आवाज ऐकून मला धड उत्तर सुचेना, म्हणून लिहितोय. लिहिलेलं तुला परत वाचता येईल, डॉक्टरांकडे जाताना सोबतही नेता येईल.

समोरचा भाग आधी घेऊ. निसर्गाची हेअरलाइन, म्हणजे कपाळावर केस जिथून सुरू होतात ती रेषा, कधीच सरळ नसते. कुठं दोन-तीन मिलिमीटर पुढं, कुठं मागं. पहिल्या ओळींत एकेकटे, बारीक केस असतात आणि त्यांच्यामागं दोन-तीन केसांचे पुंजके सुरू होतात. केस पुढच्या बाजूला झुकलेले असतात, कानशिलाजवळ तर जवळजवळ कातडीला टेकून निघतात. तुझ्या बाबतीत रेषा सरळ आखली, वर ती फार खाली आणली, पहिल्याच ओळीत तीन-तीन केसांचे ग्राफ्ट, म्हणजे मुळासकट काढून लावायचे पुंजके, बसवले आणि तेही उभे. केस मागं वळवलेस की नजर तिथंच जाते ती यामुळं. काही ग्राफ्ट जास्त खोल गेल्यानं मुळाशी बारीक खड्डेही दिसतात. यातलं काहीच वेळ गेल्यानं बदलणारं नाही. तुझं ऑपरेशन होऊन दहा महिने झालेत, वर्षापर्यंत केस आणखी थोडे जाड होतील, पण त्यांची दिशा आणि जागा हीच राहणार.

आता तुला न आवडणारी गोष्ट. समोरच्या दुरुस्तीत नवे केस लावणं हे दुसरं काम आहे. पहिलं काम काढण्याचं. चुकीच्या जागी बसलेले ग्राफ्ट एक मिलिमीटरच्या आतल्या पंचनं, म्हणजे गोल पोकळ पात्यानं, एकेक करून बाहेर काढतात, मायक्रोस्कोपखाली सुटे करतात आणि जिथं खपतील अशा जागी, टाळूच्या मध्यात किंवा मागच्या विरळ भागात, परत लावतात. म्हणजे ते वाया जात नाहीत. तुला कुणीतरी लेसरनं हेअरलाइन जाळून टाकायचा सल्ला दिलाय. लेसरनं मूळच मरतं आणि तो ग्राफ्ट कायमचा गेला. ज्यांची दिशा इतकी बिघडली आहे की बाहेर काढताना ते तुटणारच, अशा थोड्या केसांसाठी लेसर किंवा इलेक्ट्रोलिसिस (विजेनं मूळ मारणं) ठीक आहे. बाकीच्यांसाठी नको. रेषा वर गेल्यावर तिच्यापुढं एकेका केसाचे मोजके ग्राफ्ट विखरून लावले की कडा मऊ दिसते. हे शेवटी करायचं.

तुला वाटतंय की असं फक्त तुझ्याच नशिबी आलं. तसं नाही. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलं की डोक्याच्या मागचे केस पुढं लावले तरी ते मागच्या गुणानंच वागतात, म्हणजे टिकतात. हेअर ट्रान्सप्लांटचा सगळा डोलारा याच निरीक्षणावर उभा आहे. पण तेव्हा सुमारे ४ मिलिमीटरचे गोल तुकडे काढून लावत, एकेका तुकड्यात डझनभर किंवा जास्तच केस. पुढं तीसेक वर्षं असंख्य पुरुष कपाळावर केसांचे झुबके घेऊन जगले. जपानमध्ये ओकुदा यांनी तर १९३९ मध्येच असं रोपण केल्याचं लिहून ठेवलं होतं, भाजलेल्या रुग्णांवर. युद्ध सुरू झालं आणि ते बाहेर पोचलंच नाही. मी स्वतः भाजलेल्यांवर काम करतो, म्हणून हे वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. केसांच्या नैसर्गिक पुंजक्यालाच एकक मानून तेवढाच लावायचा, ही पद्धत १९९५ च्या सुमारास रुळू लागली. झुबके काढून त्यांचे पुंजके सुटे करण्याचं तंत्र त्या जुन्या रुग्णांसाठीच घडलं, आणि आज ते तुझ्या उपयोगी येणार आहे.

खरी काळजी मागच्या बाजूची आहे.

तुला एका दिवसात ४,५०० ग्राफ्ट काढल्याचं सांगितलं. आपल्याकडच्या माणसाच्या डोक्यामागं एका चौरस सेंटिमीटरमध्ये साधारण ६० ते ८० पुंजके असतात. त्यातले निम्म्याच्या आसपास गेले की जागा विरळ दिसायला लागते. चांगल्या डोनरमधून, म्हणजे केस काढायच्या डोक्यामागच्या भागातून, अख्ख्या आयुष्यात मिळून पाच-सहा हजारांच्या आसपास ग्राफ्ट सुरक्षितपणे निघतात, अनेकांचे त्याहून कमी. तुझे बहुतेक पहिल्याच दिवशी संपवले आणि तेही सगळीकडून सारखे न काढता मध्ये गठ्ठ्यानं काढले. मागं जे चट्टे दिसतात ते त्याचेच. ऑपरेशनच्या धक्क्यानं आजूबाजूचे केस तात्पुरते गळतात, ते तीन ते सहा महिन्यांत परत येतात. ती मुदत संपली. आता जे मोकळं दिसतंय ते मोकळंच राहणार.

गावाकडं लावणीच्या वेळी आपण तरव्यातून रोपं उपटायचो. उपटलेल्या जागी दुसरं रोप येत नाही, म्हणून आजोबा मूठभर रोपंसुद्धा बांधावर वाया जाऊ द्यायचे नाहीत. तुझ्या डोक्यामागं आता उरलेला तरवा तेवढाच आहे. ते नवं सेंटर त्यातूनच आणखी ३,००० काढणार आहे. म्हणूनच मी इतक्या कळवळून नको म्हणतोय.

मागच्या चट्ट्यांना उपाय आहेत. दाढीचे केस, विशेषतः हनुवटीखालचे, जाड आणि चिवट असतात. ते चट्ट्यांत किंवा टाळूच्या मध्यात लावता येतात. हेअरलाइनला मात्र नकोत, तिथं ते राठ दिसतात. छातीच्या केसांचा वाढीचा काळ लहान, ते लांब होत नाहीत आणि सगळे जगतातच असं नाही. ‘बॉडी हेअरनं सगळं भरून काढू’ ही भाषा ऐकलीस की उठून ये. दुसरा उपाय रंगाच्या बारीक ठिपक्यांचा, स्काल्प मायक्रोपिगमेंटेशन. केस बारीक कापलेले असताना ठिपक्यांमुळं कातडी आणि केस यातला फरक कमी दिसतो. काही वर्षांनी तो रंग फिका होतो, परत करावा लागतो. पण हे गोंदणवाल्याकडून करू नकोस, साध्या गोंदणाची शाई कालांतरानं निळसर पडते.

एक तांत्रिक गोष्ट लक्षात ठेव. आधी ऑपरेशन झालेल्या कातडीत व्रण असतात आणि व्रणात रक्तपुरवठा कमी. तिथं ग्राफ्ट दाट लावले तर ते उपाशी मरतात, क्वचित कातडीच काळी पडून मरते. सिगारेट ओढणाऱ्याला हा धोका जास्त. तुझी ‘कधीतरी एखादी’सुद्धा आता बंद, हे मित्र म्हणून सांगतोय आणि डॉक्टर म्हणूनही. चांगला सर्जन आधी थोडे ग्राफ्ट लावून बघेल, काही महिने थांबून ते किती उगवले ते मोजेल, मगच पुढचं ठरवेल. दोन टप्प्यांत सहा महिने ते वर्षाचं अंतर. तू म्हणतोस तसं फेब्रुवारीपर्यंत हे होणार नाही, सुहास.

अजून एक, ज्याबद्दल त्या क्लिनिकमध्ये तुला कुणी अवाक्षर काढलं नाही. तुझी मूळची केसगळती थांबलेली नाही. लावलेले केस राहतील आणि त्यांच्यामागचे तुझे स्वतःचे हळूहळू जात राहतील. तू तिशीतही नाहीस. वयाच्या २९ व्या वर्षी इतकी खाली रेषा आखणं हेच मला अक्षम्य वाटतं, कारण चाळिशीत तिच्यामागं काय उरेल याचा विचारच केलेला नाही. फिनास्टेराइड १ मिलिग्रॅम आणि मिनॉक्सिडिल या केसगळतीवरच्या औषधांबद्दल त्वचारोगतज्ज्ञांशी नीट बोल. फिनास्टेराइडनं काही पुरुषांना लैंगिक तक्रारी येतात, हे खरं आहे. मनातली भीती तिथं उघड बोल, लग्नाचा विषयही सांग. दुकानातून आणून स्वतःच्या मनानं सुरू करू नकोस.

तू म्हणालास की डॉक्टर दहा मिनिटं येऊन गेले आणि पुढचं सगळं ‘टेक्निशियन मुलांनी’ केलं. हे ऐकून माझं डोकं तापलं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की हे काम शस्त्रक्रियेचं प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचं आहे, आणि व्हिडिओ किंवा कार्यशाळा पाहणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे. हे हलकं काम नाही. २०१९ मध्ये मुंबईत ट्रान्सप्लांटनंतर एक माणूस दगावला होता. तुझं निदान तसं झालं नाही, याचं मला रोज बरं वाटतं.

म्हणून कागद जमव. लेखी अर्ज देऊन केसपेपर, ऑपरेशन नोट्स, संमतीपत्र, बिलं माग. मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. तक्रार महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे करता येते, नुकसानभरपाईसाठी ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत. भांडायचं की नाही ते तू ठरव. पण कागद दोन्हीसाठी लागतील, कारण दुरुस्ती करणाऱ्यालाही कुठून किती काढलं ते कळायला हवं.

स्थळांचं म्हणशील तर माझं मत ठाम आहे. काकूंनी बोलणी पुढं ढकलायला हरकत नाही, पण तू टोपी घालून घरात बसणं मला मान्य नाही. मुलगी भेटायला आली तर पहिल्याच भेटीत सरळ सांग. ‘केस लावून घेतले, नीट झाले नाहीत, आता उपचार चालू आहेत.’ एवढंच. ज्या घरात हे ऐकून चेहरे बदलतील, ते घर तुझं नव्हेच. आणि काकूंनाही खरं सांग. त्यांना वाटतंय तुला दुसराच कसला तरी आजार आहे, परवा त्या माझ्या आईला फोनवर तसं म्हणाल्या.

मी तुझं ऑपरेशन करणार नाही. प्लास्टिक सर्जरी माझा विषय असला तरी माझे दिवस भाजलेल्या आणि हात चेंगरलेल्या माणसांत जातात. तुला रोज हीच दुरुस्ती करणारा हात हवा. मुंबईत मला शिकवणारे एक सर आहेत. काम निवडून घेतात, नाही म्हणायलाही कचरत नाहीत, म्हणून त्यांच्यावर माझा विश्वास आहे. त्यांना मी तुझे फोटो दाखवतो, तू हो म्हणालास तरच. त्यांना विचार: माझ्या डोनरची घनता मोजून दाखवाल का, किती ग्राफ्ट उरलेत, पंच कोण मारणार, तुमच्या आधीच्या दुरुस्तीच्या रुग्णांचे दोन वर्षांनंतरचे फोटो आहेत का. आकडा न सांगता थेट तारीख देणाऱ्याकडे थांबू नकोस, मग ते माझे सर का असेनात.

तोपर्यंत एवढं कर. सलूनमध्ये न जाता घरीच ट्रिमरनं मागचे केस तीन मिलिमीटरवर आण आणि दिवसा खिडकीजवळ, फ्लॅश न लावता मागून, दोन्ही बाजूंनी आणि वरून फोटो काढ. धाकट्याला काढायला सांग, स्वतः काढलेले हलतात. रविवारपर्यंत पाठव. मी त्या आठवड्यात सरांशी बोलून तुला फोन करतो. मुंबईला जाशील तेव्हा मीही येईन, माझी रजा शिल्लक आहे.

तुझा,
अविनाश